पोलादी नळीत मोजलेला वेळ

शाळेच्या पुस्तकात चार स्ट्रोकच्या इंजिनाचं चित्र असतं. चौथ्या स्ट्रोकला पिस्टन वर येतो आणि जळलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर ढकलतो. चित्र खोटं नाही, पण इंजिनातली सगळ्यात देखणी घटना त्यातून निसटते. खऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचायची वाट बघत नाही. पिस्टन अजून खाली चाललेला असतो, क्रँकशाफ्टचे पन्नास-साठ अंश बाकी असतात, तेव्हाच तो उघडतो. त्या क्षणी सिलेंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाब उरलेला असतो. व्हॉल्व्ह जरा किलकिला होताच वायू स्वतःच्याच जोरावर बाहेर फुटतो. पिस्टन वर वळून ढकलायला लागेपर्यंत त्यातला बराचसा निघून गेलेला असतो.

त्या फुटण्याबरोबर नळीत एक लाट निघते. लाट वेगळी आणि वायू वेगळा. हा फरक मनात पक्का बसला की पुढचं सगळं उलगडत जातं. वारीच्या दाट गर्दीत मागून धक्का आला, तर तो क्षणात पुढच्या टोकापर्यंत पोचतो, आणि माणसं मात्र आपापल्या पावलानं चालत राहतात. एक्झॉस्टच्या नळीत असंच घडतं. वायू त्याच्या गतीनं सरकतो आणि दाबाची लाट त्याला मागे टाकून पुढे धावते. साध्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सातशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या वायूत हाच वेग सहाशे मीटरच्या घरात पोचतो.

लाट नळीच्या टोकाला पोचली की काय होतं? टोक बंद असेल तर ती जशीच्या तशी परत फिरते. टोक उघडं असेल, किंवा नळी एकदम मोठ्या पोकळीत उघडत असेल, तर ती उलटून परत येते. गेली होती दाब घेऊन, येते ओढ घेऊन. बासरीतला सूर याच नियमावर उभा आहे. इंजिनात मात्र या परतीच्या ओढीला एक काम करता येतं. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी योग्य क्षणी पोचली, तर सिलेंडरच्या कोपऱ्यात अडून राहिलेला जळका वायू ती बाहेर खेचते. त्याच वेळी इनटेक व्हॉल्व्हही उघडायला लागलेला असेल, तर कार्ब्युरेटरकडून येणारं ताजं मिश्रणही तिच्या मागोमाग आत येऊ लागतं. पिस्टननं खाली ओढायला सुरुवात करण्याआधीच इंजिनाचा श्वास सुरू झालेला असतो. यंत्रात एकही नवा हलता भाग घातलेला नाही. फक्त एका नळीची लांबी जमलेली आहे.

हेडर म्हणतात तो हाच. आपल्याकडे बुलेटच्या गॅरेजमध्ये ज्याला बेंड पाइप म्हणतात, त्याच जातीचा हा भाग. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र पोलादी नळी आणि पुढे त्या सगळ्या नळ्या एकत्र येतात तो कलेक्टर. कारखान्यातून आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांवर मात्र बिडाचं ओतीव मॅनिफोल्ड असतं. त्यात सगळ्या सिलेंडरांचा धूर एका आखूड, जाड खोक्यात एकत्र होतो आणि खाली उतरतो. स्वस्त, टिकाऊ, आवाज कमी. लाटांच्या दृष्टीनं बघाल तर तो सगळा गोंगाट असतो.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ. १९६७ ते १९७२ या काळातली शेवरोले सी-१० पिकअप, अर्ध्या टनाच्या वर्गातली, मागच्या चाकांवर चालणारी. अमेरिकेत आज जुन्या पिकअपवर जीव टाकणाऱ्यांमध्ये या पिढीला मोठा मान आहे. तिच्या बॉनेटखाली अनेक इंजिनं यायची. आपण स्मॉल ब्लॉक ३५० धरू, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट, जे या पिकअपना १९६९पासून मिळू लागलं. स्मॉल ब्लॉकची मूळ रचना १९५५ची, २६५ घनइंचांची, एड कोल यांच्या नेतृत्वाखाली झालेली. हा वंश इतका फोफावला की २०११ साली जनरल मोटर्सनं आपलं दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक तयार केलं. या इंजिनासाठी जितक्या तऱ्हेचे हेडर बाजारात आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या इंजिनासाठी असतील. कॅलिफोर्नियातली हेडमन ही कंपनी १९५४पासून हेच काम करत आली आहे.

आता थोडं गणित करू, कारण गंमत गणितातच आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट १८ अंश फिरतो. नळी ९० सेंटिमीटर लांब असेल, तर सहाशे मीटरच्या वेगानं लाटेला जाऊन यायला तीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्रँकशाफ्ट ५४ अंश पुढे गेलेला असतो. फेरे ६००० झाले, तर तीच नळी, तेच तीन मिलिसेकंद, पण क्रँकशाफ्ट मात्र १०८ अंश पुढे. नळी बदलत नाही, लाट बदलत नाही, इंजिनाचं घड्याळ बदलतं. म्हणून कुठलाही हेडर सगळ्या वेगांना सारखा लागू पडत नाही. नळीची लांबी ठरवणं म्हणजे इंजिन कुठल्या फेऱ्यांवर सगळ्यात मोकळा श्वास घेणार, हे ठरवणं.

ट्यूनिंग करणाऱ्यांच्या वापरात एक जुनं सूत्र आहे. व्हॉल्व्ह तळाच्या ५५ अंश आधी उघडत असेल, तर ६००० फेऱ्यांसाठी ते सुमारे ७७ सेंटिमीटरची नळी सांगतं. ३००० फेऱ्यांसाठी तेच सूत्र १६० सेंटिमीटरच्या वर जातं. वेग निम्मा, लांबी दुपटीहून जास्त. आता सी-१० आयुष्यभर कुठे चालते, याचा विचार करा. सिग्नलवरून निघणं, मागे लाकूड किंवा विटा भरून चढ चढणं, महामार्गावर शांतपणे पळणं, हे सगळं साधारण दीड ते साडेतीन हजार फेऱ्यांमध्ये होतं. रेसच्या गाडीला ज्या फेऱ्यांवर ताकद लागते, तिथे ही पिकअप वर्षानुवर्षं पोचतही नाही. तिला हवी असलेली नळी दीड मीटरच्या पुढची, आणि बॉनेटखाली जागा त्याच्या निम्मी. प्रत्येक चांगला पिकअप हेडर या अडचणीतून काढलेली वाट असतो.

वाट कशी निघते? कलेक्टरपाशी नळीचा घेर एकदम वाढतो, म्हणून तिथून ओढीची पहिली लाट परत येते. उरलेली लाट पुढे जाते आणि कलेक्टरच्या शेवटी, जिथे पुढचा पाइप सुरू होतो किंवा पोकळी मिळते, तिथून दुसऱ्यांदा परतते. ही दुसरी लाट उशिरा येते, आणि कमी फेऱ्यांवर उशिरा येणारीच उपयोगाची असते. म्हणून कामाच्या गाडीवर कलेक्टर थोडा लांब ठेवला, तर मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क वाढतो. कलेक्टर म्हणजे नुसता चार नळ्या जोडायचा सांधा असं समजणाऱ्याच्या हातून निम्मी संधी जाते.

लांबीइतकाच महत्त्वाचा नळीचा व्यास. इथे मोठ्याचा मोह फार होतो. ३५० इंजिनासाठी दीड इंचापासून एक पूर्णांक सात अष्टमांश इंचापर्यंतच्या नळ्या मिळतात. एक पूर्णांक पाच अष्टमांश आणि एक पूर्णांक सात अष्टमांश यांत फरक पाव इंचाचाच. पण वायू वाहतो तो आतल्या क्षेत्रफळातून. १८ गेजच्या पातळ पत्र्यातून केलेल्या नळीचा आतला व्यास घेऊन हिशेब केला, तर मोठ्या नळीचं क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त भरतं. म्हणजे तेवढाच वायू तेवढ्याच वेळात गेला, तर त्याचा वेग जवळजवळ चतुर्थांशानं उतरतो. वेग उतरला की वाहत्या वायूच्या स्तंभाला मागचं खेचून नेण्याची जी शक्ती असते, ती विरते, आणि नेमकी खालच्या फेऱ्यांवर विरते. गिअर बदलून क्लच सोडल्यावर पिकअप सुस्त वाटते, ती यामुळे. साध्या किंवा थोड्याशाच सुधारलेल्या ३५०साठी मी एक पूर्णांक पाच अष्टमांशाच्या पुढे जाणार नाही. पावणेदोन इंच हे बऱ्यापैकी वाढवलेल्या इंजिनाचं माप आहे, आणि त्याहून मोठं माप रेसच्या ट्रॅकवर शोभतं.

यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचाही हात आहे. ओढीची लाट इनटेकपर्यंत पोचावी, म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असायला हवेत. या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. कारखान्यातल्या पिकअपच्या कॅमला ओव्हरलॅप फार थोडा असतो, कारण गाडी आयडलवर शांत चालावी आणि ओझं घेऊन सहज निघावी, हा हेतू असतो. अशा इंजिनावर हेडर लावला, तर धूर बाहेर टाकायला लागणारे कष्ट कमी होतात, आणि तोही फायदाच. पण लाटेची खरी जादू ओव्हरलॅप असलेल्या कॅमबरोबरच दिसते. म्हणून कॅम बदलायचा विचार असेल, तर तो आधी ठरवावा आणि हेडर नंतर निवडावा.

आता मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग, म्हणजे अमेरिकन व्ही-एटचा आवाज. स्मॉल ब्लॉक शेवरोलेत सिलेंडर पेटण्याचा क्रम आहे १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे चार सिलेंडर चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला. सम आकड्यांचे उजवीकडे. क्रम पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि फक्त डावीकडचे निवडा. १, मग ३, मग ५, मग लगेच ७. क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजलं, तर १ ते ३ यात २७० अंशांचं अंतर, ३ ते ५ यात १८०, ५ ते ७ यात फक्त ९०, आणि ७ पासून पुन्हा १ पर्यंत १८०. पूर्ण इंजिन दर ९० अंशांना एक या सम तालात चालतं, पण प्रत्येक बाजूचा पाइप मात्र अडखळता, विषम ताल ऐकतो. आयडलवर उभ्या असलेल्या जुन्या व्ही-एटची ती खोल, लंगडती घुरघुर या विषम अंतरांतून जन्मते. पाच आणि सात हे डाव्या बाजूचे शेवटचे दोन सख्खे शेजारी, आणि ते लागोपाठ पेटतात. उजवीकडे ८ आणि ४ हेही लागोपाठ पेटतात, पण ते सख्खे शेजारी नाहीत.

कानाला हे गोड लागतं, पण धुराला सोसावं लागतं. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये एका सिलेंडरचा ताजा स्फोट शेजाऱ्याच्या उघड्या दारावर आदळतो. तीन नंबरचा सिलेंडर आपला ओव्हरलॅप गाठायच्या सुमारास पाच नंबरचा फुटलेला असतो. ओढीची गरज असते, नेमका त्याच वेळी उलटा धक्का येतो. लांब, स्वतंत्र नळ्यांनी हे शेजारी एकमेकांपासून दूर जातात. ट्राय-वाय नावाच्या रचनेत चार नळ्या आधी दोन-दोन जोडतात, मग त्या दोन एकीत मिळतात. त्यात ५ आणि ७ यांना वेगवेगळ्या जोड्यांत टाकता येतं. शिवाय जोडीनंतरची दुय्यम नळी लाटेचा प्रवास लांबवते. त्यामुळे खालच्या आणि मधल्या फेऱ्यांवर ट्राय-वायला चांगलं नाव आहे. १९६५च्या शेल्बी जीटी-३५० या मस्टँगवर ट्राय-वाय हेडर होते, पण माझ्या मते या रचनेचा खरा हक्काचा मालक ओझं ओढणारी पिकअप आहे.

या विषमतेवरचा पूर्ण इलाज ज्यांनी केला, त्यांचं काम बघून थक्क व्हायला होतं. १९६६च्या ल मॉन शर्यतीत पहिले तीन क्रमांक मिळवणाऱ्या फोर्ड जीटी-४०च्या मागच्या भागाचा फोटो बघा. डाव्या बाजूच्या काही नळ्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे अशा एकमेकींवरून वळत गेल्या आहेत. सापांची मोळी हेच या रचनेचं नाव पडलं. प्रत्येक कलेक्टरमध्ये दर १८० अंशांना एक स्पंदन पोचावं, म्हणून हा सगळा गुंता. लाटा सम तालात आल्या आणि गाडीचा आवाजही अमेरिकन व्ही-एटसारखा राहिला नाही. पिकअपमध्ये इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स आणि केबिन येतं, म्हणून तिथे हे फार अवघड आहे.

पण पिकअपच्या जगात एक इंजिन असं आहे, ज्याला हा सम ताल जन्मतःच मिळालेला आहे, आणि त्याच्याकडे लोक उगाच कमीपणानं बघतात. शेवरोलेचं सहा सिलेंडरचं सरळ इंजिन. त्याचा क्रम १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलेंडर एका पाइपला आणि मागचे तीन दुसऱ्याला जोडून बघा. एक पुढचा, पाच मागचा, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा. पुढे-मागे, पुढे-मागे, एकदाही चूक नाही. प्रत्येक पाइपला बरोबर दर २४० अंशांना एक स्पंदन. एका सिलेंडरचं धूर टाकणं संपत येतं, तेव्हाच दुसऱ्याचं सुरू होतं, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. म्हणूनच पन्नासच्या दशकात फेंटन कंपनीची बिडाची दुभागलेली मॅनिफोल्ड या सरळ सहावर इतकी लोकप्रिय झाली. ज्यांच्या जुन्या शेवरोलेत मूळ सहा सिलेंडर शाबूत आहे, त्यांनी ते काढून व्ही-एट बसवण्याआधी हा क्रम एकदा कागदावर लिहावा.

उलट टोकाला आहे फोर्डचं १९३२चं फ्लॅटहेड व्ही-एट. त्यात धूर सिलेंडर ब्लॉकच्या आतून वाट काढत बाहेर येतो, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलेंडरांना एकच सामाईक तोंड आहे. चार सिलेंडर, तीन दारं. बाहेर कितीही सुंदर हेडर लावला, तरी आतली भिंत कुणी हलवू शकत नाही. ब्लॉकमधून जाणारा तो धूर पाणीही तापवतो, म्हणून ही इंजिनं गरम होण्यासाठी प्रसिद्ध.

बिडाच्या मॅनिफोल्डबद्दल वर थोडं कठोर लिहिलं, ते सगळ्यांना लागू नाही. स्मॉल ब्लॉकसाठी शेवरोलेनंच एक मॅनिफोल्ड ओतलं, ज्याला मेंढ्याच्या शिंगांच्या आकारावरून रॅम्स हॉर्न म्हणतात. टोकाचे दोन सिलेंडर वळसे घेत मध्याकडे येतात, मधले दोन तिथेच भेटतात आणि धूर मधोमध खाली पडतो. कॉर्व्हेटवर ते होतं आणि ट्रकवरही. अडीच इंचाच्या तोंडाचं, न तडकलेलं रॅम्स हॉर्न हातात आलं, तर साध्या पिकअपसाठी ती हेडरला खरी स्पर्धा आहे. आखूड, म्हणजे शॉर्टी हेडर मात्र मला पटत नाहीत. ते बसायला सोपे असतात हे खरं, पण लाटेला धावायला जागा मिळत नाही आणि बिडाचं दीर्घायुष्यही हातून जातं.

आता कागदावरून बॉनेटखाली येऊ. इथे भौतिकशास्त्राइतकीच इंच-इंच जागा महत्त्वाची. सी-१०मध्ये डाव्या बाजूला स्टिअरिंगचा बॉक्स आणि शाफ्ट, साध्या गिअरबॉक्सची गाडी असेल तर क्लचची लिंकेज, आणि मागच्या कोपऱ्यात ऑइल फिल्टर. उजवीकडे खाली स्टार्टर. पुढच्या चाकांनाही ताकद जाणारी के-१० असेल, तर ट्रान्सफर केस आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट यांचीही भर. त्यामुळे सी-१०साठी घेतलेला हेडर के-१०ला बसेलच, असं गृहीत धरू नये. १९५३ ते १९५६च्या फोर्ड एफ-१००मध्ये तर स्टिअरिंगचा बॉक्स इंजिनाला इतका खेटून असतो, की तिथे हेडरची निवड त्या एका बॉक्सवरच ठरते. सिलेंडर हेड बदललेलं असेल, तर स्पार्क प्लग सरळ आहेत की तिरके, हेही बघावं लागतं. प्लग बदलायला पाना शिरत नाही, असा हेडर कितीही सुंदर असला तरी दोन वर्षांत नकोसा होतो.

स्टार्टरची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. हेडरची नळी त्याच्यापासून बोटभर अंतरावरून जाते आणि इंजिन बंद केल्यावर हवा थांबली की सगळी उष्णता त्याच्यावर उतरते. तांब्याचं तापमान शंभर अंशांनी वाढलं की त्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. सोलेनॉइडच्या वेटोळ्यातून प्रवाह कमी जातो, त्याची ओढ कमी पडते. सकाळी एका झटक्यात सुरू होणारी गाडी दुपारी पेट्रोल भरून परत किल्ली फिरवली की नुसती टिक करून गप्प बसते. बॅटरी चांगली असते, स्टार्टरही चांगला असतो, फक्त तांबं तापलेलं असतं. उष्णतारोधक पत्रा किंवा लहान गिअर-रिडक्शन स्टार्टर लावणं, हा त्यावरचा साधा उपाय.

उष्णता लोखंडालाही वाढवते. ८० सेंटिमीटरची पोलादी नळी पाचशे अंशांनी तापली, तर जवळपास पाच मिलिमीटरनं लांब होते. प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर ती वाढते, बंद केल्यावर आखडते, आणि हा सगळा ताण हेडला आवळलेल्या फ्लँजवर येतो. पातळ फ्लँज वाकतो, गॅस्केट सुटते, टिक-टिक आवाज येऊ लागतो. गळतीचा त्रास फक्त आवाजाचा नाही. ओढीची लाट त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचते. उतारावर पाय उचलला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, आणि ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असेल तर तो मिश्रण चुकीचं वाचतो. म्हणून फ्लँज किमान ८ मिलिमीटर जाडीचा असावा, साडेनऊचा मिळाला तर उत्तम. नळीही १८ गेजपेक्षा १६ गेजची घ्यावी. गेजचा आकडा लहान, तर पत्रा जाड.

वरच्या लेपाबद्दल मत स्पष्ट ठेवतो. रंग जळून जातो. क्रोम निळं पडतं. सिरॅमिक लेप महाग असतो, पण गंज रोखतो आणि बॉनेटखालची उष्णता कमी करतो, आणि पिकअप वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तो पैसा वाया जात नाही. नळीभोवती गुंडाळायच्या कापडी पट्टीपासून साध्या पोलादाच्या बाबतीत दूर राहावं, कारण ती ओल धरून ठेवते आणि पोलाद आतल्या आत खाते. उष्णता नळीतच राहण्याचा एक सूक्ष्म परिणामही आहे. वायू जितका गरम, लाट तितकी वेगवान. लाट वेगवान झाली की तीच नळी जणू आखूड झाल्यासारखी वागते. लेपानंही नळीचा सूर किंचित सरकतो.

थंड प्रदेशातल्या गाड्यांसाठी एक गोष्ट विसरली जाते. जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये बहुधा हीट रायझर नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती काही धूर कार्ब्युरेटरच्या खालून वळवते, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट होते. हेडर लावला की ही झडप जाते. मिशिगनच्या जानेवारीत रोज सकाळी कामाला निघणाऱ्या पिकअपला त्याचा फरक जाणवतो. इलेक्ट्रिक चोक लावून बराच त्रास टळतो. आणि हेडर लावल्यावर इंजिन जास्त हवा घेत असेल, तर कार्ब्युरेटरचे जेट तपासायला हवेत, नाहीतर मिश्रण पातळ होतं आणि नवा हेडर लावूनही इंजिन गरम चालतं. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणीतून सूट आहे, म्हणून १९७२पर्यंतच्या सी-१०च्या मालकाला तिथे त्या तपासणीची अडचण येत नाही. १९७५नंतरच्या बहुतेक गाड्यांना ती मोकळीक नाही.

तर निवड अशी करावी. मूळ कॅम, रोजची कामं, थंडीचा प्रदेश असेल, तर अडीच इंची रॅम्स हॉर्न ठेवा आणि पैसे चांगल्या दुहेरी एक्झॉस्ट पाइपांवर खर्च करा. थोडा मोठा कॅम आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर असेल, तर एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाच्या लांब नळ्यांचा किंवा ट्राय-वाय हेडर घ्या, जाड फ्लँजचा, सिरॅमिक लेप दिलेला. ऑर्डर देण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा आणि स्टिअरिंग, क्लचची लिंकेज, स्टार्टर आणि प्लग यांच्याभोवतीची जागा मोजा. बसवल्यावर पहिल्या काही वेळा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा. हे काम टाळलं, तर सगळ्यात महागड्या हेडरचीही गॅस्केट फुंकली जाते.